कोबीच्या मळ्यातला अग्निबाण

पनवेल आणि आसपासच्या शाळांतून विज्ञान प्रदर्शन भरले, की एका टेबलाभोवती हमखास गर्दी दिसते. शीतपेयाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली, सायकलचा पंप, जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, घट्ट बसणारे रबरी बूच आणि पुठ्ठ्याचे तीन पंख एवढ्या सामग्रीवर तेथे अग्निबाणाचा नमुना मांडलेला असतो. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, उरलेल्या जागेत पंपाने दाबून भरलेली हवा. बूच सुटताच पाण्याची धार खाली आणि बाटली वर. भिजलेली मुले टाळ्या वाजवतात, परीक्षक वहीत गुण मांडतात आणि संध्याकाळी ती बाटली बहुधा भंगारात जाते.

याच पनवेलहून पेणकडे निघालेली गाडी सोमाटणे मागे टाकून रसायनीला थांबते. पाताळगंगेच्या काठच्या या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या १९६० साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. इतर उद्योगांना लागणाऱ्या अनेक रसायनांबरोबर तेथे नायट्रोजन टेट्रॉक्साइड नावाचे एक द्रव्य तयार होऊ लागले. आपल्या अग्निबाणांच्या द्रव इंधनावर चालणाऱ्या इंजिनांत ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू या द्रव्यातून मिळतो. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे बाकीचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एवढा एक विभाग वगळून तो भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या, म्हणजेच इस्रोच्या हाती सोपवण्याचे ठरले.

शाळेतली बाटली आणि रसायनीतले ते जहाल द्रव्य यांच्यात वरवर पाहता काहीच नाते नाही. मात्र घरातल्या आणि कार्यशाळेतल्या किरकोळ वस्तूंपासून निघून द्रव इंधनाच्या अग्निबाणापर्यंतचा सारा रस्ता एका माणसाने आपल्या आयुष्यात पायी तुडवला. त्याचे नाव रॉबर्ट हचिंग्ज गोडार्ड. आज त्यांना आधुनिक अग्निबाणविद्येच्या जनकांपैकी एक मानतात. हयातीत मात्र या विद्वान प्राध्यापकाच्या वाट्याला मानापेक्षा थट्टाच अधिक आली, आणि त्या थट्टेची किंमत त्यांनी एकट्यानेच मोजली असे नाही.

गोडार्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर या गावी झाला. लहानपणाची बरीच वर्षे बॉस्टन शहराच्या परिसरात गेली. वडील नेहम हे यंत्रांचे सुटे भाग, पाती आणि अवजारे यांच्या जगात वावरणारे, हाताने काहीतरी घडवण्याची हौस असलेले गृहस्थ होते. मुलाचा ओढा ओळखून त्यांनी त्याला दुर्बीण आणून दिली, सूक्ष्मदर्शक दिला, विज्ञानाचे नियतकालिक सुरू करून दिले. घरात एकुलता एक मुलगा, प्रकृती तोळामासा आणि आजारपणामुळे शाळा सतत बुडणारी. अंथरुणावर पडल्या पडल्या पुस्तके वाचायची आणि बरे वाटले की हाती लागेल त्या वस्तूवर प्रयोग करायचे, असा त्याचा दिनक्रम होऊन गेला.

पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गालिच्यावर पाय घासून ठिणगी कशी निर्माण होते ते दाखवले. त्यावरून या चिमुरड्याने एक प्रयोग रचला. घरातल्या जुन्या बॅटरीतली जस्ताची कांडी काढून घेतली, ती हातात धरून तो खडीच्या वाटेवर पाय घासत चालला आणि मग कुंपणावर चढून त्याने खाली उडी टाकली. विजेच्या बळाने आपण नेहमीपेक्षा उंच उडू, असा त्याचा तर्क होता. आईने त्याला सावध केले, की प्रयोग साधला तर तू उडत दूर निघून जाशील आणि परत येणे तुला जमणार नाही. मुलाने ते पटवून घेतले आणि जस्ताची कांडी जपून बाजूला ठेवून दिली. सोळाव्या वर्षी त्याने घरच्या कार्यशाळेत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक फुगा घडवला. कित्येक आठवडे खपून, सांधे जोडून त्यात हायड्रोजन भरला. पण पत्रा जड पडला आणि फुगा जागचा हलला नाही. मुलाने फुगा का उडाला नाही, याची नोंद वहीत केली. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केले.

१८९८ मध्ये आईला क्षयरोग जडल्याचे निदान झाले आणि कुटुंब वुस्टरला परतले. त्याच सुमारास मंगळावरून पृथ्वीवर स्वारी होते अशी कल्पना करणारी एच. जी. वेल्स यांची कादंबरी बॉस्टनच्या एका दैनिकात क्रमशः येत होती. ती रॉबर्टने अधाशीपणे वाचली. १९ ऑक्टोबर १८९९ च्या दुपारी तो घरामागच्या चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटायला चढला. हातात करवत आणि कुऱ्हाड होती. खाली पसरलेल्या शेतांकडे पाहताना त्याच्या मनात आले, की मंगळापर्यंत जाऊ शकेल असे एखादे यंत्र माणसाला बनवता आले तर? येथून ते वर निघाले तर कसे दिसेल? झाडावरून उतरलेला मुलगा चढलेल्या मुलापेक्षा वेगळा होता, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १९ ऑक्टोबर हा दिवस ते जन्मभर रोजनिशीत खासगी वाढदिवसासारखा नोंदवत राहिले. १९३८ च्या वादळात ते चेरीचे झाड उन्मळून पडल्याचे कळले, तेव्हा त्याचीही नोंद त्यांनी केली.

आजारपणामुळे शालेय शिक्षण संपायला एकविसावे वर्ष उजाडले. १९०४ मध्ये ते वर्गात पहिले येऊन शाळेतून बाहेर पडले, १९०८ मध्ये वुस्टरच्याच तंत्रशिक्षण संस्थेतून पदवीधर झाले आणि तेथल्याच क्लार्क विद्यापीठातून १९११ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थिदशेत एकदा संस्थेच्या तळघरात दारूचा बाण पेटवून त्यांनी सारी इमारत धुराने भरून टाकली होती. प्राध्यापकांनी या विद्यार्थ्याला घालवून न देता त्याच्या प्रयोगांत रस घेतला, हे आवर्जून सांगायला हवे.

अग्निबाण ही गोष्ट तोवर जगाला नवी नव्हती. चीनमध्ये दारूचे बाण शतकानुशतके उडत होते. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजांतून तोफांबरोबर बाणही असत, आणि हैदर व टिपू यांच्या म्हैसूरच्या सैन्याने लोखंडी नळीचे बाण वापरून इंग्रजांना हैराण केले होते. ते बाण पाहूनच विल्यम काँग्रिव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये आपले लष्करी अग्निबाण तयार केले. दिवाळीतला बाण त्याच घराण्यातला. नळीत दारू ठासायची, वात पेटवायची आणि मागून निघणाऱ्या वायूच्या रेट्यावर बाण सोडून द्यायचा. त्यात सुधारणा कितपत शक्य आहे, हे कोणी काटेकोरपणे मोजलेच नव्हते.

गोडार्ड यांनी नेमके ते मोजायला घेतले. साध्या बाणातल्या दारूत जेवढी शक्ती असते, तिच्यातली जेमतेम दोन टक्के उड्डाणाच्या कामी येते, असे त्यांना आढळले. बाकीची उष्णता आणि धूर होऊन वाया जाते. वाफेच्या टर्बाइनसाठी स्वीडनच्या द लाव्हाल यांनी योजलेली, आधी अरुंद होत जाऊन मग पसरणारी तोटी त्यांनी बाणाच्या शेपटीला बसवली आणि अधिक जोमाने जळणारी दारू वापरली. वाया जाणारी शक्ती कामी येऊ लागली आणि कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या पुढे गेली. आज श्रीहरिकोट्याहून जाणाऱ्या प्रत्येक अग्निबाणाच्या बुडाशी घंटेसारखा जो भाग दिसतो, तो या तोटीचाच वंशज आहे.

मधल्या काळात आईचा आजार मुलाकडे आला होता. १९१३ च्या सुमारास गोडार्ड यांना क्षयरोग झाला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते आणि डॉक्टरांनी आशा जवळपास सोडली होती. अंथरुणाला खिळलेल्या या तरुणाने आपल्या कल्पना आपल्याबरोबर नष्ट होऊ नयेत म्हणून त्या व्यवस्थित लिहून काढल्या. जुलै १९१४ मध्ये त्यांना दोन पेटंट मिळाली. एकात अग्निबाणावर अग्निबाण रचून, खालचा टप्पा संपताच तो टाकून देत वर जाण्याची योजना होती. दुसऱ्यात द्रवरूप इंधन आणि द्रवरूप प्राणवायू वेगवेगळ्या टाक्यांत नेऊन ज्वलनकक्षात एकत्र जाळण्याची कल्पना होती. अवकाशप्रवासाचे दोन्ही मुख्य आधारस्तंभ या आजारी माणसाच्या कागदांत होते. प्रकृती हळूहळू सावरली, पण फुप्फुसांनी पुढे कधीच पूर्ण साथ दिली नाही.

प्रयोगांना पैसे लागत. प्राध्यापकाच्या पगारात ते भागेनात, तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. जानेवारी १९१७ मध्ये संस्थेने पाच हजार डॉलर मंजूर केले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यासाठी नळीतून सोडण्याचे छोटे अग्निबाण बनवले. नोव्हेंबर १९१८ च्या पहिल्या आठवड्यात मेरीलँडच्या ॲबरडीन मैदानावर त्यांचे प्रात्यक्षिक झाले. त्या वेळी नळी टेकवायला त्यांनी वादक लोक स्वरलिपीचे कागद ठेवतात तसला एक स्टँड वापरला. बाणाला मागे धक्का बसत नाही, हे अधिकाऱ्यांना पटवण्यासाठी याहून सुटसुटीत साधन कोणते? प्रात्यक्षिक उत्तम झाले, पण चारच दिवसांत युद्ध थांबले आणि ती योजना फायलीत गेली. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांविरुद्ध वापरलेली बझुका याच कल्पनेतून निघाली.

१९२० च्या जानेवारीत स्मिथ्सोनियनने त्यांचा प्रबंध प्रसिद्ध केला. बहुतेक पाने आकडेमोडीची होती. वातावरणाच्या वरच्या थरांत मोजमापाची उपकरणे कशी पाठवता येतील, हा त्याचा विषय. शेवटी शेवटी केवळ हिशोबाचे उदाहरण म्हणून त्यांनी लिहिले होते, की पुरेसा मोठा अग्निबाण चंद्रावर जाऊन आदळू शकेल आणि त्याच्याबरोबर चकाकणारी दारू पाठवली तर तो स्फोट दुर्बिणीतून दिसेल. वृत्तपत्रांनी एवढेच उचलले. बघता बघता वुस्टरचा अबोल प्राध्यापक चंद्रावर जाणारा विक्षिप्त माणूस ठरला. न्यूयॉर्क टाइम्सने १३ जानेवारी १९२० च्या अग्रलेखात त्यांची खिल्ली उडवली. निर्वात पोकळीत ढकलायला काहीच नसते, तेव्हा तेथे अग्निबाण चालणार कसा, आणि शाळेतल्या मुलांना शिकवतात तेवढेही ज्ञान या प्राध्यापकाला नसावे, असा त्याचा आशय होता.

चूक अग्रलेखाची होती. होडीतून धक्क्यावर उडी मारणाऱ्याने पाहिलेच असेल, की आपण पुढे जातो आणि होडी मागे सरकते. होडी हलते ती आपल्या पायांनी तिला दिलेल्या रेट्याने. भोवतालच्या वाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. अग्निबाणही वायू मागे फेकतो आणि म्हणून पुढे जातो. हवेला रेटून तो चढत नाही. उलट हवेचा अडथळा नसला तर तो अधिक चांगला चालतो. गोडार्ड यांनी हे नुसते कागदावर मांडलेले नव्हते. हवा काढून घेतलेल्या नळीत बाण पेटवून त्याचा रेटा त्यांनी प्रत्यक्ष मोजला होता. पुरावा हाताशी असूनही त्यांची समजूत पटवायला कोणी आले नाही. त्या दिवसापासून हा मुळातच संकोची माणूस आणखी मिटला. आपल्या कामाबद्दल शक्य तितके कमी बोलायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

काम मात्र थांबले नाही. दारूच्या बाणात एक मूळ दोष होता. दारू एकदा पेटली की थांबवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही आणि वजनाच्या मानाने तिच्यात शक्तीही बेताचीच असते. पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायू यांच्या जोडीत ती कितीतरी अधिक. परंतु द्रवरूप प्राणवायू शून्याखाली १८३ अंशांवर उकळतो. इतक्या थंडगार द्रव्याची नळी आणि पोलादही वितळेल अशी ज्वाला, या दोन्ही गोष्टी हातभर अंतरावर एकत्र नांदवायच्या होत्या. १९२१ पासून गोडार्ड यांनी याच्यामागे चार-पाच वर्षे घालवली. पंप नादुरुस्त होत, नळ्या गोठत, कक्षाला भोके पडत. प्रत्येक वेळी नोंद होई, कामास येईल तो भाग काढून ठेवला जाई आणि पुढच्या नमुन्यात तोच पुन्हा बसे. डिसेंबर १९२५ मध्ये प्रयोगशाळेच्या चौकटीत बसवलेल्या इंजिनाने प्रथमच स्वतःचे वजन उचलले.

यानंतर उघड्या मैदानाची गरज होती. वुस्टरजवळच्या ऑबर्न गावी गोडार्ड कुटुंबाच्या नात्यातल्या एफी वॉर्ड यांचे शेत होते. सारे त्यांना एफीमावशी म्हणत. १६ मार्च १९२६ च्या दुपारी त्या शेतावर चार माणसे जमली. स्वतः गोडार्ड, त्यांचे कारागीर सहायक हेन्री सॅक्स, विद्यापीठातले सहकारी पर्सी रूप आणि कॅमेरा घेऊन आलेल्या एस्थर गोडार्ड. विद्यापीठाच्या कार्यालयात टंकलेखनाचे काम करणाऱ्या एस्थर किस्क यांच्याशी १९२४ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. जमिनीवर अजून बर्फ होते.

लोखंडी नळ्यांच्या चौकटीत उभा असलेला तो अग्निबाण आजच्या डोळ्यांना अग्निबाण वाटणारच नाही. सुमारे दहा फूट उंचीचा, काडीपैलवान असा नुसता सांगाडा. ज्वलनकक्ष आणि तोटी सर्वांत वर, इंधनाच्या दोन लहान टाक्या तळाशी आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या हेच त्याचे अंग. वरून येणाऱ्या ज्वालेपासून टाकीचे रक्षण करायला ॲस्बेस्टॉस लावलेली एक टोपी. इंजिन वर असले म्हणजे गाडीला जुंपलेल्या बैलाप्रमाणे ते बाकीचा भाग सरळ ओढून नेईल, अशी त्यांची तेव्हाची समजूत होती. रिकामे असताना त्याचे वजन सहा पौंडांच्या आसपास होते, इंधनासह दहाहून थोडे अधिक. पेटवण्याची तऱ्हा तर घरगुतीच म्हणावी अशी. कक्षात आगकाड्यांचे गूल आणि थोडी दारू, प्राणवायूची टाकी तापवायला खाली स्पिरिटचा दिवा. सॅक्स यांनी लांब काठीला बांधलेल्या ब्लोलॅम्पने वरच्या दारूला बत्ती दिली.

ज्वाला आली, गर्जना झाली, पण अग्निबाण लगेच हलला नाही. इंधन जळत जाऊन वजन रेट्यापेक्षा कमी होईपर्यंत काही सेकंद तो जागीच उभा राहिला. मग एकदम उचलला गेला, ४१ फूट उंच चढला, वळला आणि १८४ फुटांवरच्या कोबीच्या मळ्यात जाऊन आदळला. सारा खेळ अडीच सेकंदांचा. एस्थरबाईंच्या कॅमेऱ्यात काही सेकंदांचीच फिल्म चाले आणि ती उड्डाणाच्या आधीच संपून गेली. त्यामुळे द्रव इंधनावर उडालेल्या जगातल्या पहिल्या अग्निबाणाचे चलच्चित्र नाही. उड्डाणाआधी चौकटीशेजारी उभ्या असलेल्या गोडार्ड यांचे एक छायाचित्र मात्र आहे.

उंची चार मजली इमारतीएवढी. प्रदर्शनातली बाटलीही तेवढी जाते, असे एखादा विद्यार्थी म्हणेल आणि ते खरेही आहे. फरक असा, की बाटलीतली हवा संपली की तिचा प्रवास संपतो. गोडार्ड यांच्या सांगाड्यात टाक्या मोठ्या करत गेले असता रस्त्याला शेवट नव्हता. आपला प्राणवायू आपणच बरोबर नेणारे इंजिन त्या मळ्यात सिद्ध झाले होते. त्यांनी याची बातमी मात्र कोणाला दिली नाही. स्मिथ्सोनियनला कळवले आणि कोबीतून गोळा केलेले तुकडे घेऊन ते कार्यशाळेत परतले. त्या पहिल्या अग्निबाणाचे शाबूत भाग त्यांनी पुढच्याच नमुन्यात वापरून टाकले, म्हणूनच तो ऐतिहासिक अग्निबाण आज कोणत्याही संग्रहालयात अखंड पाहायला मिळत नाही. नव्या नमुन्यात इंजिन खाली आले. आपली ओढगाडीची समजूत चुकीची होती, हे त्यांनी कबूल करून टाकले होते.

१७ जुलै १९२९ रोजी त्यांनी पवनचक्कीच्या साठ फुटी सांगाड्यातून मोठा अग्निबाण सोडला. त्यात हवेचा दाब मोजणारे बॅरोमीटर, थर्मामीटर आणि त्या दोहोंची छबी टिपणारा कॅमेरा होता. उपकरणे घेऊन उडालेला हा पहिला द्रव इंधनाचा अग्निबाण. आवाज एवढा झाला, की विमान कोसळले असे समजून शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. रुग्णवाहिका आली, वार्ताहर आले आणि चंद्रावर जाणाऱ्या प्राध्यापकाची थट्टा नव्याने सुरू झाली. राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी पुढचे प्रयोग तेथे करायला मनाई केली.

या वेळी थट्टेतूनच एक हात पुढे आला. वर्तमानपत्रांतला गलबला अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांच्या कानी गेला. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते गोडार्ड यांना भेटायला आले, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि उद्योगपती डॅनियल गुगेनहाइम यांच्याकडे शब्द टाकला. चार वर्षांसाठी एक लाख डॉलरची व्यवस्था झाली. १९३० च्या उन्हाळ्यात गोडार्ड दांपत्य न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल या रखरखीत, विरळ वस्तीच्या गावी गेले. कोरडी हवा फुप्फुसांना मानवणारी होती आणि तक्रार करायला शेजारी नव्हते.

रॉझवेलची वर्षे त्यांच्या कर्तृत्वाची खरी वर्षे होत. चार-पाच कारागीर, एक छोटी कार्यशाळा आणि माळरानावरचा मनोरा. डिसेंबर १९३० मध्ये अग्निबाण दोन हजार फुटांवर गेला. उड्डाण सरळ राहावे म्हणून त्यांनी फिरत्या भोवऱ्याच्या तत्त्वावरचा जायरोस्कोप बसवला आणि त्याच्या इशाऱ्यावर ज्वालेच्या झोतात हलणारी पाती योजली. मार्च १९३५ मध्ये त्यांचा अग्निबाण ध्वनीपेक्षा अधिक वेगाने गेला. मार्च १९३७ मध्ये एकाने सुमारे अडीच किलोमीटरची उंची गाठली. बहुतेक उड्डाणे अर्धवट राहिली, अनेक अग्निबाण मनोऱ्यातून बाहेरच पडले नाहीत. एस्थरबाई हवाई छत्र्या शिवत, चित्रीकरण करत, नोंदी टंकलिखित करत आणि माळावरचे गवत पेटले की ते विझवायलाही धावत. पडलेल्या अग्निबाणाचे तुकडे गोळा करून गाडीत घालणे हा प्रत्येक प्रयोगाचा ठरलेला शेवटचा भाग असे.

या चित्रात एक उणीव होती आणि ती त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. गोडार्ड यांनी इतरांना जवळ येऊ दिले नाही. जर्मनीत हर्मान ओबर्थ यांच्या १९२३ च्या पुस्तकाने भारलेली तरुण मंडळी एकत्र येऊन अग्निबाण बनवत होती. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा गट सहकार्य मागत होता आणि त्यांच्यातले फ्रँक मलिना १९३६ मध्ये रॉझवेलला जाऊनही आले. त्यांना सौजन्याने चहापाणी मिळाले, पण कामाचे तपशील मिळाले नाहीत. १९२० च्या जखमेने शिकवलेला अबोला आता स्वभाव झाला होता. कल्पना आपल्या, त्यांचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये, हा हट्ट समजण्यासारखा आहे. परंतु मोठे अग्निबाण ही एका माणसाच्या आणि पाच कारागिरांच्या आवाक्यातली गोष्ट उरलेली नव्हती. त्यांनी सोडवलेले अनेक प्रश्न इतरांनी नव्याने सोडवले आणि कित्येक बाबतींत ते पुढेही निघून गेले. उरलेल्या भागांतून नवा अग्निबाण जोडणे त्यांना जमत होते, अपरिचित माणसांतून नवा गट जोडणे जमले नाही. एका चुकीच्या अग्रलेखाने विज्ञानाचे केलेले खरे नुकसान हे होते.

त्यांच्याच देशाच्या लष्करालाही या कामाचे मोल उमगले नाही. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने त्यांना ॲनापोलिसला नेले ते जड विमानांना उड्डाणाच्या वेळी जादा रेटा देणारी इंजिने बनवण्यासाठी. दरम्यान १९४४ मध्ये जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण लंडनवर कोसळू लागले. १९४५ मध्ये हस्तगत केलेल्या व्ही-२ चे भाग गोडार्ड यांनी पाहिले, तेव्हा त्यांतल्या रचनेशी आपल्या रॉझवेलच्या अग्निबाणांचे साम्य त्यांच्या ध्यानात आले. तोवर घशाच्या कर्करोगाने त्यांना गाठले होते. आधीच मितभाषी असलेल्या या माणसाचा आवाजही गेला. नागासाकीवर अणुबॉम्ब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट १९४५ रोजी, बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले.

पुढचे काम एस्थरबाईंनी अंगावर घेतले. रोजनिश्या, टिपणे, छायाचित्रे त्यांनी लावून घेतली आणि पतीच्या नावे पेटंटचे अर्ज करत राहिल्या. गोडार्ड यांच्या नावावरच्या २१४ पेटंटांपैकी १३१ त्यांच्या मृत्यूनंतर मिळाली आहेत. १९५९ मध्ये अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेने आपल्या मोठ्या केंद्राला गोडार्ड यांचे नाव दिले. १९६० मध्ये अमेरिकी सरकारने त्यांची पेटंटे वापरल्याबद्दल दहा लाख डॉलर मोजले. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चंद्राकडे निघाले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ४९ वर्षांपूर्वीच्या अग्रलेखाची आठवण काढून, अग्निबाण पोकळीत चालतो हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे अशी दुरुस्ती छापली आणि चुकीबद्दल खेद व्यक्त केला. ती वाचायला गोडार्ड नव्हते. एस्थरबाई होत्या. त्या १९८२ पर्यंत हयात होत्या.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला तोही असाच अपुऱ्या साधनांत. एका जुन्या चर्चमध्ये कचेरी होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. पुढे घन इंधनाच्या क्षेत्रात आपल्या वसंत गोवारीकरांनी मोठी कामगिरी केली आणि द्रव इंधनाचे विकास इंजिन आले. त्याला लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड रसायनीत तयार होऊ लागले. प्राणवायू द्रवरूपाने बरोबर न्यायचा, ही ऑबर्नच्या मळ्यातली कल्पना. तिने पृथ्वीला वळसा घालून पाताळगंगेचा काठ गाठला.

१६ मार्च २०२६ हा त्या अडीच सेकंदांच्या उड्डाणाचा शताब्दी दिन. त्या निमित्ताने शाळेतल्या बाटलीकडे पुन्हा एकदा पाहायला हवे. मुलांनी दारूच्या वाटेला जाऊ नये. पाणी आणि हवा पुरेशी आहे, आणि तेही मोकळ्या मैदानात, मोठ्यांच्या देखरेखीखाली. पण बाटली उडाली की खेळ संपवू नये. पाणी निम्मे केले तर काय झाले, पंख मोठे केले तर काय झाले, बाटली किती उंच गेली, आणि मुख्य म्हणजे का गेली नाही, हे वहीत उतरवावे. बाटली भंगारात देण्याआधी तिचा कोणता भाग पुढच्या नमुन्यात चालेल तेही पाहावे. गोडार्ड यांच्या हाताशी सुरुवातीला याहून फार काही नव्हते.

आणि एखाद्या मुलाने उद्या चंद्राचा, मंगळाचा हिशोब मांडून दाखवला, तर त्याला हसण्यापूर्वी मोठ्यांनी तो हिशोब एकदा तपासून पाहावा.